काळाच्या माथी

माझ्या धाकट्या भावाने आमच्या घरावर कादंबरी लिहिली आणि आमचे वडील, अप्पा, सुटले. कादंबरीत ऐंशीच्या दशकातलं रेणापूर आहे. त्यातला बाप डी.एड. झालेल्या बायकोला शाळेत नोकरी लागली तरी रुजू होऊ देत नाही. हे आमच्याच घरी घडलेलं. पण भावाने तो बाप असा काही रंगवलाय की वाचणाऱ्याला त्याचीच दया यावी. बिचारा, आपल्या काळापुढे हतबल वगैरे.

नांदेडच्या एका महाविद्यालयाने या कादंबरीवर चर्चासत्र ठेवलं. विषय, ‘कादंबरीतून दिसणारा काळ’. मी मराठी शिकवते म्हणून मलाही बोलायला बोलावलं. अप्पा आणि आई पहिल्या रांगेत होते. कादंबरीतल्या बापाचं मूळ म्हणून अप्पांचा शाल, श्रीफळ आणि फेटा देऊन सत्कार झाला. आईचा झाला नाही. अप्पांचा नारळ तिने मांडीवर धरला होता.

वक्त्यांनी सगळा गुन्हा काळाच्या नावावर टाकला. संक्रमणाचा काळ, सरंजामी मानसिकता, व्यवस्थेचा बळी. बळी म्हणजे अप्पा. ते खुशीत मान डोलवत होते. आई मात्र माझ्याकडेच बघत होती. आदल्या दिवशी ती मला म्हणाली होती, “तू तरी खरं बोल. मला काळानं न्हाई अडवलं.”

माझी पाळी आली तेव्हा मी एका सायकलबद्दल बोलले. आईबरोबर डी.एड. झालेली तिची एक मैत्रीण बौद्धवाड्यात राहायची. तिलाही आईसोबतच नोकरी लागली. तिचा नवरा रोज सकाळी तिला डबलसीट बसवून एसटी स्टँडवर सोडायचा. रस्ता आमच्या दारावरूनच. लोक टवाळी करायचे, तो घंटी वाजवत पुढे जायचा. आई दारात उभी राहून बघायची. काळ तोच होता, गावही तेच. मग हा माणूस कादंबरीत का नाही, असं मी सरळ विचारलं. संयोजकांनी घाईघाईने चहाची सुट्टी जाहीर केली.

चहाच्या टेबलाशी भावाने मला गाठलं. “ताई, तो होता पहिल्या खर्ड्यात. नंतर काढला. त्याच्यामुळं काळाचं चित्र बिघडत होतं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ज्यांनी नीट वागून दाखवलं त्यांना आधी खोडायचं आणि मग म्हणायचं, काय करणार, तेव्हा सगळेच तसे होते. खोडायला सापडला कोण, तर बौद्धवाड्यातला माणूस. हे काही ऐंशी सालात झालेलं नाही. हे माझ्या शिकलेल्या भावाने आत्ता, लॅपटॉपवर बसून केलंय.

संध्याकाळी आम्ही तिघं ऑटोने माझ्या घरी निघालो. अप्पांनी फेटा काढून हातात घेतला होता.

“चारचौघांत शोभा केलीस माझी,” ते मला म्हणाले. मग आईकडे न बघताच म्हणाले, “आन् हिला जायचंच होतं, तर एकदा तरी तोंडानं म्हणायचं होतं.”

“रोज म्हणत होते,” आई म्हणाली. “तुम्ही जेवत होता.”