दोन नावांच्या मॅडम

ओळख झालेल्या प्रत्येक बाईला आमच्या मॅडम विचारायच्या, "माहेरचं नाव काय होतं तुमचं?" ते सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मंग ते नाव कुठी गेलं?" समोरची हसायची. मॅडम हसायच्या नाहीत.

चंद्रपूरच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या; मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग सहकारी. माहेरच्या त्या कुसुम निकुरे. लग्नात नवरदेवाने ताटातल्या तांदळावर अंगठीने 'वैशाली' लिहिलं, आडनाव भोयर झालं आणि मॅडम वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेल्या. त्यांचा एक छापलेला लेख तेवढा माहेरच्या नावावर राहून गेला.

लेख अहेरीकडच्या जंगली कडू कंदावर होता. तिकडे हा कंद कापून कितीतरी दिवस वाहत्या पाण्यात ठेवतात, मगच खातात. कुसुम निकुरेंनी लिहिलं, नुसता उकळला तरी विष जातं. लग्नानंतर मॅडमनी प्रयोग पुन्हा केला. विष तसंच होतं. त्यांनी तडकाफडकी दुसरा लेख छापून आणला, 'निकुरे यांचा निष्कर्ष चूक आहे.' खाली नाव, वैशाली भोयर. ती निकुरे मीच, हे काही लिहिलं नाही. नव्या सुनेने माहेरचं नाव छापून मिरवायचं, हे त्या घरात खपलं नसतं. झालं! विद्वान मंडळी लिहायला लागली, "निकुरे यांच्या मते उकळणे पुरेसे, भोयर यांचे मत वेगळे."

तेव्हापासून मॅडमनी एकच धोशा लावला. "लिहिणाऱ्या माणसाले जन्माचा एक नंबर पाहिजे. लेखालेबी पाहिजे. नाव बदलो, मासिक बुडो, नंबर तोच." स्टाफरूममध्ये आम्ही चेष्टा करायचो, "मॅडम, गाडीसारखी पाटी लावायची का गळ्यात?" एकदा चहाचा कप खाली ठेवून त्या मला म्हणाल्या, "हास. एखादं मानूस जिवानं जाईन ना, मंग समजन तुले." मला एकदम भीती वाटली.

पुढे इंटरनेट आलं. कॅफेत बसून आम्ही दोन्ही लेख शोधले. पहिला ठिकठिकाणी सापडला. दुसऱ्याचा पत्ता उघडेचना. मासिकाची साइट बदलली होती. "चूक जित्ती हाये अन् दुरुस्ती मेली," मॅडम पुटपुटल्या.

मग कुठल्याशा संस्थेने रानातल्या खाण्याचं पत्रक वाटलं. कडू कंद उकळून खावा, आधार कुसुम निकुरे. मॅडम सुट्ट्या टाकून अहेरीच्या बाजारात, आजूबाजूच्या गावांत 'नुसता उकळून खाऊ नका' म्हणून सांगत फिरल्या. मीही सोबत जायचे. एका अंगणात घरातली सून म्हणाली, "पत्रकात शिकलेल्या बाईनं सांगतलं हाये, निकुरे बाईनं. आमी तिचं आयकाव का तुमचं?"

"अवं, तेच मी हावो!"

"तुमी तं आत्ता भोयर सांगतलं."

मॅडमचा चेहरा उतरला. "कोणी खाल्लं का घरात?"

"सासूनं. कालपासून निजूनच हाये."

मॅडम आत धावल्या. जीप मिळवून म्हातारीला दवाखान्यात नेईपर्यंत सारं संपलं होतं.

त्यानंतर मॅडम फार जगल्या नाहीत. आता संशोधकांना आणि लेखांना खरोखरच असे कायमचे नंबर मिळतात. माझाही आहे. तो घेताना मॅडमच्या आठवणीने जीव तुटला. परवा मी कडू कंदाबद्दल शोधलं. वैशाली भोयर कुठेच नव्हत्या. सगळ्यांत वर कुसुम निकुरेंचा लेख होता. त्याला नंबर मिळाला आहे.