किनाऱ्यावर राहिलेली पोती

वारज्यातल्या आमच्या सोसायटीला गेल्या हिवाळ्यात अचानक समुद्राची काळजी वाटू लागली. पुण्याला समुद्र नाही, त्यामुळे ही काळजी करायला सोपी. मागच्या ओढ्यात काय तरंगतं ते बघायला बस करावी लागत नाही, म्हणून त्याचं कुणाला काहीच वाटत नाही.

किनारा साफ करायची मोहीम काढली खालच्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीने. कित्येक वर्षं आम्ही दोघी रोज सकाळी टेकडीवर जायचो. तिने बोलायचं आणि मी टोमणे मारायचे, असं आमचं छान चाललं होतं. केवळ तिच्यासाठी मी बसमध्ये बसले.

कोकणात उतरल्यावर प्रत्येकाला 'प्लास्टिकमुक्त किनारा' छापलेला टी-शर्ट मिळाला, प्रत्येक टी-शर्ट स्वतंत्र प्लास्टिकच्या पिशवीत. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"अगं, आज तरी नको," ती म्हणाली. मी टी-शर्ट अंगात चढवला.

कचरा मात्र भरपूर होता. चपला, बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, जाळ्यांचे तुकडे. आम्ही पोती भरली, त्यांच्या ढिगामागे उभं राहून फोटो काढले आणि मंडळी माशांच्या थाळीकडे वळली.

"ही पोती कोण नेणार?" मी विचारलं.

"ग्रामपंचायत नेईल की," ती म्हणाली.

"त्यांना सांगितलंयस?"

सांगितलं नव्हतं. बसमध्ये घेऊ म्हटलं, तर एसी गाडीला वास लागेल असं सर्वानुमते ठरलं. समुद्राला लागला तर चालणार होता. जेवून आलो तोवर भरती चढली होती आणि पुढची पोती पाण्यात डोलत होती. मी हाताला लागलं ते एक ओढून आणलं, मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घंटागाडीत टाकलं. परतीच्या वाटेत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. तीसुद्धा नाही.

मग ग्रुपवर फोटो आले, खाली अभिनंदनाचा पाऊस. मी एकच ओळ लिहिली, 'पोती वाहून गेली.' ॲडमिन तीच. तिने ती ओळ काढून टाकली, आणि मलाही.

आता ती टेकडीवर दुसऱ्या बायकांबरोबर जाते. त्या तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतात. लिहिल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण असल्या फालतू टी-शर्टांपायी माझी एकुलती एक मैत्रीण गेली, याचा संताप येतो, आणि सकाळी पायात बूट घालावेसे वाटत नाहीत.