मुक्तिदिनाची हजेरी

आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाने उतारवयात लेखणी धरावी आणि तीही सुलोचनाबाईंविषयी लिहिण्यासाठी, या आगाऊपणाबद्दल वाचकांनी क्षमा करावी. गेल्या महिन्यात लातूरहून त्यांच्या भाचीचा फोन आला, "मास्तर, मावशी गेली..."

उदगीरच्या वाटेवरील आमच्या शाळेत बाई इतिहास शिकवीत. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, झेंडावंदन झाले की इतर वर्ग सुटत. बाई मात्र आपल्या वर्गाची हजेरी घेत. पुकारायची ती मुलांच्या घरातील दिवंगतांची नावे. मुलाने आजोबांच्या वतीने "हजर" म्हणायचे आणि निजामाचे राज्य गेले त्या दिवशी ते कुठे होते, ते सांगायचे.

"बाई, आमचा आज्जा हिरीत लपला व्हता."

"पाणी नव्हतं का रे हिरीत?"

"पाणी असतं तर मी आलो असतो का हितं?"

दुष्काळाच्या वर्षी घरेच्या घरे खडी फोडायला गेली होती. बाईंनी गैरहजर मुलांच्या आजोबांचीही नावे पुकारली. मी शेजारच्या खोलीत होतो. प्रत्येक नावाला "हजर" येत होते... जाड, खोकल्याने घोगरे झालेले आवाज. दाराशी जाऊन पाहिले, तर पुढच्या बाकावर तीन-चार मुले, मागे सगळे रिकामे.

"बाई, हे आवाज कुणाचे?"

"तुम्ही गणिताचे मास्तर. मोजत बसू नका."

एक नाव त्या कधीच पुकारीत नसत. त्यांचे वडील मुक्तीपूर्वीच्या धामधुमीत एका संध्याकाळी घराबाहेर पडले, ते परतले नाहीत. आईने अखेरपर्यंत कुंकू पुसले नाही. पुढे लातूर हा नवा जिल्हा झाला. त्या वर्षीच्या मुक्तिदिनी, मुले घरी गेल्यावर, बाईंनी मला थांबवून घेतले आणि मोकळ्या वर्गात ते नाव पुकारले. एकदा... पुन्हा एकदा. भिंतीवरची पालसुद्धा हलली नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. चेहरा लहान मुलीसारखा उजळला होता. "ऐकलंत ना मास्तर? आवाज न्हाई आला. म्हणजे बाबा हायेत कुठंतरी." त्यानंतर त्यांनी ते नाव पुन्हा पुकारले नाही, आणि वडिलांची वाट पाहणे शेवटपर्यंत सोडले नाही.

त्यांचाच एक विद्यार्थी आज तेथे मुख्याध्यापक आहे. येत्या मुक्तिदिनी हजेरी मी घ्यावी, आणि पहिले नाव बाईंचे असावे, असा त्याचा आग्रह आहे. त्यांच्या मागे "हजर" म्हणायला लेकरू नाही. तरीही उत्तर आले, तर बाई खरोखरच गेल्या हे मला मानावे लागेल. नाही आले, तर त्यांच्यासारखाच मीही उरलेले दिवस दाराकडे पाहत बसेन.

माझ्या जागी तुम्ही असता, तर ते नाव पुकारले असते का?