कार्डावर बुधवार होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी तसं फारसं काही लपवलेलं नाही. सांगायला बसलं तर गोष्ट केवढी? एक पोस्टकार्ड, एक बारसं, दोन दिवसांचा फरक. ऐकणारा म्हणेल, एवढंच? कदाचित म्हणूनच सांगवलं नसेल. मोठा गुन्हा माणूस एखादवेळ छाती काढून कबूल करतो. एवढासा, हलका गुन्हा जिभेवर येता येत नाही.

आधी आडनाव सांगतो. गाढवे.

हसला असाल तर हसा, मला सवय आहे. म्हणजे — सवय आहे असं मी म्हणतो. सफाळ्याहून आत गेलं की आमचं गाव. तिथं या आडनावाला कुणी हसत नसे. पाच घरं आमचीच होती, कोण कुणाला हसणार? हसू मला भेटलं ते पुढे, पालघरच्या शाळेत. कसलासा फॉर्म भरायचा होता आणि मास्तरांनी आईचं नाव विचारलं. मी उभा राहून खणखणीत सांगितलं, "मंजुळा." मास्तरांनी ते आडनावासकट मोठ्यानं वाचलं, आणि अख्खा वर्ग फुटला. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच ओरडून दाखवलं, गाढवासारखं. मास्तर फळ्याकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्या दिवसानंतर मी तिचं नाव चारचौघांत घेतलं नाही.

हे कारण म्हणून सांगत नाही. अशी थट्टा कितीकांची होते, ते काय करतात? आमच्याच आडनावाची माणसं ताठ मानेनं जगलेली मी नंतर पाहिली. मी मात्र तो वर्ग डोक्यात घेऊन हिंडलो.

आता माझी थोरली बहीण. तिला आम्ही बाय म्हणतो. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा, बाय एकवीसची, आणि लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा जाऊन माहेरी परतलेली. मूलबाळ नाही. मला तिनं वाढवलं. गवताचे भारे डोक्यावरून सफाळे स्टेशनपर्यंत नेऊन विकायची आणि त्यातून माझी फी भरायची. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. माझी पाटी हातात घेऊन ती अक्षरांवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "मला नको रे, तुला आलं म्हंजे मला आलं."

या बायनं माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली. माझ्या लग्नात, वरात घरी आल्यावर, शालिनीसमोरच म्हणाली, "पोरगी झाली का आयचं नाव ठेवायचं हां. मंजुळा. आनि कानात मी सांगनार. आत्या हाय मी, माजा मान हाय तो." मी हो म्हणालो. हसून म्हणालो.

पासष्ट-सहासष्टचा सुमार. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि मी तिथं एका ठेकेदाराच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. बोईसरला चाळीत खोली. एका बाजूला साताऱ्याचं बिऱ्हाड, दुसऱ्या बाजूला रत्नागिरीकडच्या सुर्वेवहिनी, समोर हिंदी बोलणारे फिटर. कोण कुठला कुणाला माहीत नाही, त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाच्या आडनावाची चौकशी. शालिनीला दिवस गेले तसा मला एक नाद लागला. सायटीवर जाताना, ट्रकच्या मागच्या फळीवर बसून, मी मनात मुलींची नावं आडनावाला लावून हजेरी घेऊ लागलो. मुलगाच होईल असं मला का वाटलं नाही, कुणास ठाऊक. गुणाचं नाव नको — सुंदरा, चतुरा ठेवलं की वर्ग हसणारच. देवीचं नको, देवीचीच थट्टा. लांबलचक तर नकोच, पोरं आडनावाची वाट बघत बसतात. हवं ते आखूड, चटकन संपणारं, प्रत्येक वर्गात चार-चार असतील असं. त्या चौघींत ही लपून जाईल. असं करत करत मी 'उषा'वर आलो.

आणि मंजुळा? ते नाव मी हजेरीत घेतलंच नाही. ते ऐकायला आलं की मला मास्तरांचे खांदे दिसायचे.

बायला हे सांगता आलं असतं. का नाही सांगितलं? काय सांगणार होतो — की आईच्या नावाची मला लाज वाटते? आईनं ते नाव आणि ते आडनाव दोन्ही जन्मभर वापरलं होतं. बायपुढे ते वाक्य तोंडातून काढण्यापेक्षा बायलाच टाळणं मला सोपं वाटलं.

मुलगी सोमवारी पहाटे झाली. मुलीचं बारसं बाराव्या दिवशी; म्हणजे पुढच्या आठवड्यातला शुक्रवार. मी बायला कार्ड टाकलं: बुधवारी पहाटे मुलगी झाली, दोघी सुखरूप, बारसं बाराव्या दिवशी. बाय बोटांवर मोजणार आणि रविवारी येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. घरात मी सांगितलं की बायचा निरोप आलाय, भाताची कापणी चालू आहे, तिला जमत नाही. शालिनी म्हणाली, "मग आपण थांबू या ना. बारावा नाही तर तेरावा." मी म्हणालो, साहेबांच्या घरच्यांना बोलावून झालंय.

शुक्रवारी बारसं झालं. आत्याच्या जागी सुर्वेवहिनी बसल्या. पाळण्यात वाकून त्यांनी बाळाच्या कानात 'उषा' सांगितलं, बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, हशा झाला, घुगऱ्या वाटल्या. माझ्या मनात त्या वेळी काय होतं, खरं सांगू? सुटलो, असं वाटत होतं.

रविवारी सकाळच्या गाडीनं बाय आली. एका हातात भिजवलेल्या हरभऱ्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत आईच्या जुन्या लुगड्याचं शिवलेलं झबलं. दारातच ती थबकली. पाळण्याला बांधलेली झेंडूची फुलं सुकून तपकिरी झाली होती.

"सदू, पालना कदी बांदला रे?"

शालिनी माझ्याकडे बघत राहिली. बाळंतपणासाठी आलेल्या सासूबाई चुलीपाशी बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवत होत्या, त्याही थांबल्या. मी म्हणालो, "अगं, बारसं शुक्रवारी झालं. तुला कार्ड टाकलं होतं ना? तू येत नाहीस असं कुणीतरी सांगितलं..."

"कुनी सांगितलं?" म्हणत तिनं कनवटीची पिशवी सोडली आणि कार्ड काढलं. चार घड्या घातलेलं. "नानू पोस्टमननं वाचलं. दोन येला वाचायला लावलं मी. बुधवार बोलला तो. हे बग. वाच बरं तू."

मी कार्ड हातात घेतलं. माझंच अक्षर. बुधवार. ऱ्हस्व-दीर्घासकट स्वच्छ बुधवार. आणि ज्या बाईनं भारे वाहून मला वाचायला शिकवलं, तिच्यासमोर उभं राहून मी मोठ्यानं वाचलं — "सोमवारी पहाटे मुलगी झाली."

माझा आवाजही कापला नाही. हे लिहायलाच हवं.

बाय हसली. "म्हंजे नानूचे डोले गेले! मेल्याला बुधवारच्या बाजाराचं याड, जिथं तिथं बुधवारच दिसतो." सासूबाई हसल्या, मीही हसलो. हसता हसता कार्ड चुलीत सारलं. बाय म्हणाली, "अरे, ठेवायचं ना, पोरीचं पयलं कार्ड हाय." तोवर त्याचा कोळसा झाला होता.

मग तिनं विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"उषा."

ती म्हणाली, "बरं हाय. चांगलं हाय." हातपाय धुऊन आली, बाळाला झबलं घातलं आणि म्हणाली, "मी पन सांगते कानात. चालंल ना?" मी पाळण्याच्या दोरीपाशी उभा होतो. वाटलं, आता ही मंजुळा म्हणणार, आणि तिनं म्हटलंच तर आपण ऐकलं नाही असं दाखवायचं. ती वाकली. मी ऐकलं. तिनं 'उषा' सांगितलं. मी ठरवलेलं नाव. मग पदर सावरून पाठ वळवली आणि म्हणाली, "मारा की गं कुनीतरी. आत्या हाय ना मी?"

शालिनीनं हलकेच एक चापट मारली. तिचे डोळे भरले होते. तिनं मला त्यानंतर कधी काही विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे तिला कळलं नाही, असं मी धरून चाललो आहे.

इथं संपलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. पण बाय गावी गेली आणि बाजारात, माणसांदेखत, नानू पोस्टमनला भांडली. तुझ्यापायी माझ्या भाचीच्या बारशाला मी मुकले, म्हणाली. नानू म्हातारा, सरळ माणूस. घरोघरची पत्रं वाचून द्यायचा — सुखाची, दुःखाची, कोर्टाची. तो शपथेवर म्हणत राहिला की मी बुधवारच वाचला. बाय म्हणाली, "माज्या भावानं माज्यासमोर वाचलं. तो काय खोटं वाचंल?" नानूनं पालघरला जाऊन डोळे तपासून घेतले. चष्मा केला. आणि लोकांची पत्रं वाचणं बंद केलं. टपाल हातात द्यायचा आणि म्हणायचा, दुसऱ्या कुणाकडनं वाचून घ्या बाबांनो, माझी नजर धड नाही.

हे मला बायनंच सांगितलं, आणि मी म्हणालो, "जाऊ दे गं, म्हातारा माणूस."

आणखी एक आहे. दोन-तीन वर्षांनी सफाळ्याच्या फलाटावर नानू मला भेटला. बाकावर शेजारी येऊन बसला, चष्मा काढून पुसत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "सदूभाऊ, एक इचारू? त्या कार्डावर काय होतं हो? मला अजून बुधवारच दिसतो." भांडायला आला नव्हता तो. त्याला फक्त आपल्या डोळ्यांचं खरं-खोटं करून घ्यायचं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. एक शब्द पुरला असता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला — हात ठेवला! — आणि म्हणालो, "होतं असं, तात्या. वय झालं की होतं."

त्यानं मान हलवली. चष्मा परत घातला. माझी गाडी आली.

नानू पुढं वारला. उषाला शाळेत चिडवायचं ते पोरांनी चिडवलंच, आखूड नाव असून चिडवलं. तिनं एकाचं दप्तर विहिरीत टाकलं आणि विषय संपवला. घरी येऊन हसत सांगत होती. मी ज्याला आयुष्यभर भ्यालो, ते तिला एका दप्तरापुरतं होतं. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. ज्या आडनावासाठी तिचं नाव मी बेतलं, ते आडनाव आता तिला लागत नाही. बाय अजून दरवर्षी तिच्या वाढदिवसाला त्या बुधवारची आठवण काढते आणि नानूला एक शिवी घालते.

बाय आता सत्तरीच्या जवळ आली आहे. कान शाबूत आहेत, समजही शाबूत आहे. नानू पोस्टमननं बरोबर वाचलं होतं, खोटं मी वाचलं, आणि ते आईचं नाव टाळण्यासाठी वाचलं — हे मला तिच्यासमोर बसून सांगायचं आहे. नंतर नानूच्या बायकोला. नंतर उषाला. तिघींपैकी एकीलाही अजून सांगितलेलं नाही.