पेंटरकाकांचा पिवळा ठिपका

पेंटरकाकांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि माझ्या भीतीच्या गेमसाठी मला नेमका तसाच हवा होता. आळेफाट्यावर ट्रकच्या मागे मोर आणि कमळं रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. घर येडगावच्या बाजूला, उसाला लागून. दिवस कलायला लागला की डबे, ब्रश आवरून निघायचे. बिबट्याला भ्यायचे आणि ते सांगायला लाजायचे नाहीत. "भीती हाय म्हनून तर मी हाय, पोरी," म्हणायचे.

गेम साधा होता. उभा ऊस, कातरवेळ आणि शाळेतून घरी निघालेली एक मुलगी. मी घरी बसून एकटीच तो करत होते. चित्रं काकांनी कागदावर रंगवायची, मी स्कॅन करून गेममध्ये घालायची. त्यांनी बिबट्या एकदाही काढला नाही. नुसता ऊस, आणि सगळं शांत असताना हललेलं एखादं पान. ते बघून माझ्याच अंगावर काटा यायचा.

मात्र प्रत्येक चित्रात लांब कुठेतरी एक पिवळा ठिपका असायचाच. घराबाहेरचा बल्ब. मी म्हटलं, "काका, याने भीती कमी होते." तर ब्रश पुसत म्हणाले, "लई भ्या दाखव, पर घराची वाट ठिव. न्हाईतर त्यो खेळ न्हाई, छळ हाय." मग मी नियमच करून टाकला. ठिपक्याकडे चालत राहिलं की मुलगी घरी पोचते.

निम्मी चित्रं झाली आणि काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. गेम बाहेर पडायची तारीख तर तोंडावर आलेली. मी त्यांची चित्रं एआयला दिली आणि उरलेली त्याच्याकडून काढून घेतली. काकांना विचारलंसुद्धा नाही. तोच रंग, तेच फटकारे, मी तर हुरळूनच गेले.

पट्टी निघाली तोवर गेम बाहेर पडला होता. काका मोठ्या कौतुकाने खेळायला बसले. नव्या चित्रावर आले, मुलीला ठिपक्याकडे चालवू लागले आणि एकदम की-बोर्डवरून हात उचलला.

"हे म्या न्हाई काढलं." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यो दिवा उसात हाय. उसात घर नसतंय. आन् दोन हायेत बघ, शेजारी शेजारी. गुडघ्याएवढ्या उंचीवर."

मी चित्र मोठं करून पाहिलं. खरंच दोन होते. यंत्राने ठिपका उचलला होता. त्यामागे घर असतं हे त्याला कुठून कळणार?

"काढून टाक ते, पोरी. पोरं दिव्याकडं चालत जात्याल."

मी काढलं नाही. खेळणाऱ्यांना तेच चित्र सगळ्यात भयानक म्हणून आवडलं होतं. काका भांडले नाहीत. यायचे थांबले, आणि पुढे कळंबला लेकीकडे राहायला गेले. मला लाज वाटायची, पण लोकांचं कौतुकही सोडवत नव्हतं.

परवा तिन्हीसांजेला येडगावहून परतत होते. काकांच्या घराच्या वळणावर स्कूटरच्या उजेडात उसाच्या कडेला पिवळं काही चमकलं. मला वाटलं, काका आले, बल्ब लागला! स्कूटर चालूच ठेवून उतरले, "काका" अशी हाक मारत चार पावलं गेलेही. मग पाय जागीच थांबले. तो उजेड फार खाली होता. आणि एक नव्हता, दोन होते. वारा अजिबात नव्हता, तरी एक पान हललं.

मागे मागे सरकत स्कूटरपर्यंत कशी पोचले ते आठवत नाही. घरी येऊन कडी लावली आणि यंत्राची ती सगळी चित्रं गेममधून काढून टाकली. मग काकांना फोन लावला.

"काका, काढून टाकली हो मी ती चित्रं."

माझ्या आवाजावरून त्यांना कळलं असावं.

"ते ऱ्हाऊ दे. तू घरी पोचलीस न्हवं?"

"पोचले. दार लावलंय."

"मग बाहेरचा बल्ब लाव," काका म्हणाले. "अजून कुनी वाटंवर आसंल."