दोन बोटांची जागा

आमची ही कधी पाठ टेकून बसली नाही. अमेरिकेत चँडलरला मुलाच्या घरी ढीगभर मऊ सोफे, तरी ही आपली ताठ. सगळ्या अपार्टमेंटच्या ब्लाउजवाल्या काकू ती. मशीनवर वाकून वाकूनच कंबर गेली. डॉक्टरने दिलेला रबरी पट्टा वर सरकायचा, आणि इथल्या उन्हाळ्यात अंगावर पुरळ उठायचं.

शेजारची गोरी म्हातारी नाटकवाल्यांसाठी जुन्या काळचे कपडे शिवायची. तिचं बघून हिनं स्वतःच्या मापाचं कॉर्सेट शिवलं, पूर्वी गोऱ्या बायका कंबरेला आवळायच्या तसं. जाड सुती कापड, आत पोलादी पट्ट्या, पाठीवर नाडी. सूनबाई हबकलीच. म्हणाली, "आई, त्यात बायका बेशुद्ध पडायच्या. बरगड्या मोडायच्या. सिनेमात बघितलं नाही का?"

"सिनेमात बायका बर्फातसुद्धा नाचतात," ही म्हणाली. "माझ्या आजीनं चोळीची गाठ आवळूनच जन्मभर जातं ओढलं. नको तेवढं आवळणाऱ्या चौघींच्या गोष्टी झाल्या गं. बाकीच्या त्यातच स्वयंपाक करत होत्या."

त्या होळीला ओट्याशी उभी राहून हिनं सगळ्यांच्या पुरणपोळ्या लाटल्या. मग भारतात फोन लावायचं कार्ड खरवडून बहिणीला आधी तेच सांगितलं.

नाडी बांधायचं काम माझं. सकाळी, चहाच्या आधी. मी ओढली की म्हणायची, "अहो, बैल जुंपताय का? दोन बोटं जाऊ द्यात." मी बोटं आत घालून दाखवायचो, मगच गाठ.

हृदयानं दगा दिला आणि ती गेली. इथं अंत्यविधीवाल्यांकडे कपडे नेऊन द्यावे लागतात. सूनबाईनं हिरवी साडी काढली, बांगड्या काढल्या. कॉर्सेट कपाटातच ठेवलं. रडत म्हणाली, "बाबा, आता तरी त्यांना मोकळं जाऊ द्या."

पोर वाईट नाही. मायेनंच बोलली. पण माझं टाळकं फिरलं. म्हटलं, "ती त्यातच मोकळी होती. आण ते."

तिथल्या माणसानं आम्हाला आत सोडलं. सूनबाईनं हिला कुशीवर धरलं, मी नाडी ओवली. ही काही बोलेना, म्हणून बोटं पुन्हा पुन्हा घालून बघितली. शेवटी सूनबाईच म्हणाली, "बाबा, बरोबर आहे. बांधा."

आता उठल्या उठल्या चहा होतो. मग हातांना काम नाही. घरभर फिरतो, बुटाच्या नाड्या सोडतो, बांधतो. सूनबाई ओट्याशी एप्रनचे बंद मागे घेऊन चाचपडायला लागली की पाठीमागे जाऊन उभा राहतो. ती बंद माझ्या हातात देते. मी आधी दोन बोटं घालतो.