नुसती पडलेली जागा

इस्त्रीवाल्या काकूंची खोली दातांच्या दवाखान्याला खेटून होती. मध्ये एकच भिंत. नवरा गेल्यावर त्या खोलीत टेबल मांडून काकूंनी दोन्ही मुलींना शिकवलं. पुढे दवाखाना वाढला, पेशंटना बसायला जागा पुरेना. डॉक्टरांनी खोली विकत मागितली. काकू सरळ नाही म्हणाल्या.

मग एका सकाळी काकूंच्या दारावर इंग्रजी पाटी ठोकलेली दिसली. कपडे घ्यायला आलेल्या इंग्रजीच्या बाईंनी ती वाचून दाखवली. ‘अ‍ॅडजेसंट’ जागेत लवकरच दवाखान्याचा नवा हॉल होणार होता.

“अ‍ॅडजेसंट म्हणजे?”

“लगतची. मुळात लॅटिन शब्द. जवळ पडलेलं, असा त्याचा अर्थ.”

“पडलेलं?” काकूंनी इस्त्री उभी केली. “आणि शेजाऱ्याला काय म्हणतात?”

“नेबर. तो जुना इंग्रजी शब्द. जवळ राहणारा.”

काकूंनी पाटी उपटली आणि थेट दवाखान्याच्या काउंटरवर नेऊन ठेवली. मॅनेजर चपापला.

“ही तुमची. त्या खोलीत मी राहते. अडगळीसारखी पडलेली नाही.”

“काकू, शब्दाला काय धरून बसता?”

“शब्द तुम्हीच माझ्या दाराला ठोकलात.”

दुसऱ्या दिवशी काकूंची वीज गेली. त्यांची वायर पूर्वीपासून दवाखान्यातून येत होती, मॅनेजरने ती तोडली होती. काकूंनी माळ्यावरची सासूबाईंची कोळशाची इस्त्री काढली, शेगडी दाराशी पेटवली आणि कामाला लागल्या. हात भरून यायचे, बोटं पोळायची, पण एकही गिऱ्हाईक परत गेलं नाही. धूर मात्र दवाखान्याच्या खिडकीतून आत शिरायचा. तोंड उघडून बसलेले पेशंट खोकायला लागले.

शेवटी डॉक्टर स्वतः आले.

“वायर आजच जोडून देतो. शेगडी तेवढी बंद करा.”

“नको. तुमच्या मर्जीवरचा उजेड मला नको. माझं मीटर येईपर्यंत शेगडी चालेल.”

“आणि खोलीचं?”

“ते तर मी पहिल्याच दिवशी सांगितलंय.”

मीटर काकूंच्या स्वतःच्या नावावर लागलं. डॉक्टरांनी हॉलसाठी वरचा मजला भाड्याने घेतला. जिना चढायच्या आधी म्हातारे पेशंट काकूंच्या दाराशी असलेल्या बाकावर टेकायचे. काकू त्यांना पाणी द्यायच्या. मॅनेजरने एकदा आणखी दोन खुर्च्या ठेवू का म्हणून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “बाक माझा आहे, तेवढा पुरे.”